आईला सिंहस्थाला न्यायचंय, पण पर्वणीलाच का?

पत्र: "ताई, माझी आई बहात्तर वर्षांची. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, पण देवाचं नाव काढलं की चपला घालून तयार. २०१५ च्या सिंहस्थाला बाबा आजारी होते, म्हणून तिचं जाणं राहिलं. त्यातच बाबा गेले. आता ती म्हणते, 'पुढच्या सिंहस्थाला मी असेन-नसेन, या वेळी पर्वणीलाच रामकुंडात बुडी मारायची.' दादा म्हणतो, गाडी आपली आहे, रात्री कराडहून निघू, पहाटे स्नान, दुपारी त्र्यंबकेश्वर उरकू, संध्याकाळी परत. तो प्रयागला जाऊन आलाय, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक. माझा नऊ वर्षांचा मुलगाही हट्ट धरून बसलाय. आमचे हे म्हणतात, टीव्हीवर बघा. आईला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचा धीर होत नाही. काय करू? — एक लेक, कराड"

दादांचा बेत वाचून आधी हसूच आलं. एखाद्या साध्या बुधवारीसुद्धा हा बेत अंगावर येईल. पर्वणीला, म्हणजे नाशिक-त्र्यंबकच्या कुंभमेळ्यातल्या मुख्य स्नानाच्या दिवशी, तर गाडी जिथे अडवतील तिथून घाट दिसेपर्यंत दुपार व्हायची. माझं माहेर पंचवटीतलं. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. घरातून निघताना 'गंगेवर जाऊन येते' असंच तोंडात येतं. तीन सिंहस्थ जवळून पाहिलेत, त्यातली एक पर्वणी दाराच्या फटीतून, कारण गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. म्हणून घरच्या माणसाला सांगावं तसं सांगते.

तयारीला लागण्याआधी आईंना एकदा शांतपणे विचारा, की त्यांना नक्की काय हवंय. सिंहस्थात गोदास्नान घडावं, एवढंच? की साधूंची मिरवणूक बघायचीय? की तिथी साधायचीय? या तीन इच्छा तीन वेगळ्या सहली आहेत. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला अडकून राहिलं. गेल्या वेळचं जाणं बाबांच्या आजारपणामुळे राहिलं आणि मग बाबाच गेले. रामकुंड हे अस्थिविसर्जनाचं, तर्पणाचं ठिकाण. कदाचित आईंच्या मनात बाबांच्या नावाने तिथे ओंजळभर पाणी सोडायचं असेल आणि ते त्या बोलत नसतील. तसं असेल तर पर्वणीचा दिवस त्यासाठी सगळ्यात वाईट. त्या गर्दीत मागचा माणूस तुम्हाला ओंजळ भरायला उभं राहू देणार नाही, गुरुजी मिळणं तर दूरच.

आता तारखा. गुरू ग्रह सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ. जाहीर झाल्याप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षं पर्वकाळ आहे आणि आपण सगळे मिळून तीन तारखांवर तुटून पडतो. त्या तीन अशा: २ ऑगस्ट २०२७, ३१ ऑगस्ट २०२७, आणि तिसरी नाशिकला ११ सप्टेंबर, त्र्यंबकला १२ सप्टेंबर. दिनदर्शिका समोर घेऊन बघा. २ ऑगस्टला सोमवती अमावस्या आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण. ढगांमुळे ग्रहण दिसो न दिसो, ग्रहणाची आंघोळ करणारे येणारच. ३१ ऑगस्टला पोळा आणि आदल्या दिवशी श्रावणी सोमवार, म्हणजे त्र्यंबकला सलग दोन दिवस रेटारेटी. ११ सप्टेंबर शनिवार, त्यात गणपतीचे दिवस, त्यात एकादशी. पुण्या-मुंबईचे रस्ते त्या आठवड्यात एरवीही कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. निघण्याआधी तारखा पुन्हा एकदा खात्रीच्या ठिकाणी तपासून घ्या.

मला विचाराल तर दिवाळीची सुटी संपल्यावरचा नोव्हेंबर-डिसेंबर गाठा, सोमवार-शनिवार-रविवार सोडून. पाऊस सरलेला असतो, पाणी उतरलेलं असतं, पायऱ्या दिसतात. पहाटेची थंडी मात्र नाशिकची असते, तेव्हा सात-साडेसातनंतर जा. पितृपक्ष टाळा, रामकुंडावर श्राद्धाची गर्दी असते. श्रावणी सोमवारीही त्र्यंबकला जाऊ नका. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा पूर लोटतो. पर्वकाळ तोच, नदी तीच, कुंड तेच आणि आईंना पायरीवर बसून दहा मिनिटं पाण्यात पाय सोडता येतील. पुण्याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण त्या दहा मिनिटांचं मोल मला कळतं.

साधू बघायचे असतील तर तेही पर्वणीवाचून जमतं. वैष्णवांचे तीन आखाडे, म्हणजे निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर, नाशिकला रामकुंडात स्नान करतात. शैवांचे आखाडे तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकला, कुशावर्तात. वैष्णव साधूंचा मुक्काम नाशिकच्या तपोवनात असतो. दोन पर्वण्यांच्या मधल्या एखाद्या दुपारी तिकडे चक्कर मारलीत तर धुन्या, जटा, गांजाचा वास, भंडाऱ्याच्या पंगती, सगळं जवळून दिसेल. आईंना एखाद्या महंतांच्या पाया पडता येईल. मिरवणुकीत त्यांना समोरच्याच्या पाठीशिवाय काही दिसायचं नाही.

दादांना प्रयागचा अनुभव आहे हे चांगलंच. पण प्रयागचा मेळा थंडीत भरतो, कोरड्या वाळवंटावर, मैलोन्‌मैल मोकळ्या जागेत. आपलं सिंहस्थ भर पावसात, जुन्या गावाच्या उतरत्या गल्ल्यांत आणि दगडी पायऱ्यांवर. तेवढी मोकळी जागा असूनही प्रयागला २०२५ च्या मौनी अमावस्येला, २९ जानेवारीच्या पहाटे, चेंगराचेंगरी झालीच. मृतांचा सरकारी आकडा तीस. मुहूर्ताची वाट बघत घाटाजवळच पथाऱ्या टाकून झोपलेल्या लोकांवर गर्दी गेली. त्यानंतर १५ फेब्रुवारीला नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकात, संगमापासून शेकडो मैलांवर, कुंभाच्या गाड्या पकडताना अठरा माणसं गेली. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ ला एकोणचाळीस. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणारा अरुंद रस्ता, मिरवणुकीसाठी बांबूंमागे रोखून धरलेले लोक आणि तो रेटा मोकळा झाला. कुणा साधूने चांदीची नाणी उधळली आणि लोक ती उचलायला वाकले, असं तेव्हा सांगितलं गेलं. मी त्या दिवशी घरात होते. संध्याकाळी गल्लीत चपलांचा खच पडला होता आणि त्या कुणी उचलत नव्हतं.

हे घाबरवायला सांगत नाही. या तिन्ही ठिकाणी कुणी बुडालं नाही, एवढं लक्षात घ्या. आपण पाण्याला भितो आणि घात होतो तो रस्त्यावर, जिन्यावर, फलाटावर. म्हणून बेत आखताना 'स्नान कसं करायचं' यापेक्षा 'पोचायचं कसं आणि परतायचं कसं' यावर डोकं चालवा.

आई तरीही पर्वणीवरच अडून बसल्या, तर मग रात्रीचा प्रवास आणि एका दिवसात परत, हे आधी काढून टाका. आदल्या दिवशी दुपारपर्यंत नाशिकला पोचा आणि पर्वणीनंतरची रात्रही तिथेच काढा. घाटापासून दोन-तीन किलोमीटरवरची खोली बघा. घाटाला लागून राहायला मिळालं तर मोहात पडू नका, रस्ते बंद झाले की तुम्ही आत अडकता. २०१५ मध्ये गाड्या गावाबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या, तिथून एसटी, मग पायी, असा प्रकार होता. या वेळीही पुण्याकडून येणाऱ्यांना सिन्नरच्या बाजूला कुठेतरी गाडी सोडावी लागणार, हे धरून चला. नाशिक रोड स्टेशनही पंचवटीपासून नऊ-दहा किलोमीटर आहे. आईंना एका दमात किती चालवतं ते घरी मोजून बघा. रोज संध्याकाळी थोडं थोडं वाढवत दोन महिने चालवा. तीन किलोमीटर होत नसतील तर पर्वणीचा विषय तिथेच संपला, आणि तो निर्णय तुम्ही नाही, गुडघ्यांनी दिला.

पहाटे पळत सुटू नका. साधूंचं स्नान आटोपेपर्यंत रामकुंडाकडे सामान्यांना सोडत नाहीत. लोक तासन्‌तास रांगेत कोंडलेले असतात आणि मुहूर्तापायी तिथेच घुटमळतात. स्नान दिवसभर चालू असतं. दुपारी दोन-तीनला निघालात तर मिरवणूक सरलेली असते, रेटा ओसरलेला असतो. आणि रामकुंडच हवं हा हट्ट सोडता आला तर फारच बरं. गोदावरीवर खाली दसककडेही घाट आहे, नाशिक रोडला उतरणाऱ्यांना तोच जवळ. नदी तिथेही तीच वाहते. त्र्यंबक त्या दिवशी अजिबात जोडू नका. कुशावर्त चार बाजूंनी बांधलेलं लहानसं कुंड आहे, गाव त्याहून अरुंद.

पाण्याबद्दल एकच कसोटी सांगते, आम्ही नाशिककर लहानपणापासून लावतो ती. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते मारुतीच्या कुठवर आलं यावरून आम्ही पूर मोजतो. पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. मारुतीचे पाय बुडाले असतील तर आईंना पाण्यात उतरवायचं नाही, बस. वरच्या पायरीवर बसवून तांब्याने डोक्यावर पाणी घाला. ते स्नानच आहे. पाणी कमी असलं तरी एका हाताने साखळी किंवा तुमचा दंड धरलेला हवा आणि पाय आडवा टाकत उतरायचं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, गढूळ पाण्यात पुढची पायरी दिसत नाही. चपला काठावर काढून ठेवल्या की गेल्याच समजा, शिवाय मधुमेहाच्या पायांना काच टोचलेली कळतही नाही. मागून पट्टा असलेल्या जुन्या सँडल्स घालूनच उतरू द्या. कुणी काही म्हणालंच तर माझं नाव सांगा. पायाला आधीच जखम असेल तर पाण्यात उतरणं रद्द. पावसाळी गढूळ पाण्यातून लेप्टोसारखे आजार जखमेवाटे शिरतात. तीर्थ म्हणून घोट घ्यायचा नाही. डोळ्यांना लावा, डोक्यावर शिंपडा.

आता साखर. इथे मी जरा लांबण लावणार आहे. १८ सप्टेंबर २०१५ ची पर्वणी ऋषिपंचमीला आली होती. माझी आत्या, वय अडुसष्ट, सकाळी इन्सुलिन घेतलं आणि उपास म्हणून पोटात काही नाही. स्नान व्यवस्थित झालं. परत येताना चढावर ती अचानक माझ्या दंडाला लोंबकळल्यासारखी झाली. अंगाला दरदरून घाम आणि 'आपण कुठे चाललोय गं?' असं तिने दोनदा विचारलं. मला वाटलं, दमली. मागच्या एका अनोळखी बाईने तिचा चेहरा पाहिला, पिशवीतून साखरेची पुडी काढली, पाण्यात कालवून तिला पाजली आणि मला म्हणाली, "बाई, हिची साखर उतरलीय, उभी काय राहिलीस?" दहा मिनिटांनी आत्या माणसात आली आणि पहिलं वाक्य बोलली, "साखरेने उपास मोडत नाही ना?"

या वेळची तिसरी पर्वणीही उपासाच्या दिवशी, एकादशीला येते. महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन विचारा, की त्या दिवशी गोळ्या किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं, खाण्याचं काय. उपास करायचाच असेल तर राजगिऱ्याचा लाडू, केळं, खजूर दर दोन तासांनी, आणि साखरेची पुडी तुमच्या खिशात, पिशवीत नाही. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी साखर द्या, चर्चा नंतर. औषधं दोन दिवसांची जास्त घ्या आणि दोघांकडे वाटून ठेवा.

आणखी एक गोष्ट बायका बोलत नाहीत म्हणून मी बोलते. स्वच्छतागृहाच्या भीतीने आपण पाणीच पीत नाही. मग डोकं जड होतं, चक्कर येते आणि नाव उन्हाचं किंवा वयाचं होतं. आईंना पाणी प्यायला लावा, आणि जाताना दिसलेलं प्रत्येक स्वच्छतागृह, गरज असो वा नसो, वापरून पुढे जा. कपड्यांचंही तसंच. ओली साडी पायात अडकते आणि अंगाला चिकटते. गडद रंगाचा सैल गाऊन घालून स्नान, वरून घालायला दुसरा कोरडा गाऊन, की आडोसा शोधायला नको. मंगळसूत्र, पाटल्या घरी. छत्री नको, गर्दीत ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते; रेनकोट घ्या.

गर्दीत शिरल्यावर मोबाइल लागेलच असं धरू नका. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा आणि ती घाटावर नको, लांबची हवी: तुमची खोली, किंवा एसटीतून उतरता ती जागा. आईंच्या पोलक्याला आतून पिशवी शिवा आणि त्यात चिठ्ठी ठेवा: नाव, गाव, दोघांचे फोन नंबर, मधुमेह आहे, औषध अमुक. प्लॅस्टिकमध्ये घालून, नाहीतर पहिल्याच बुडीत शाई विरघळते. चालताना कायम रस्त्याची कड धरा आणि बाहेर पडायच्या गल्ल्या बघत चला. समोरच्याची पाठ तुमच्या छातीला आणि मागच्याची छाती तुमच्या पाठीला लागली, की स्नान विसरा आणि कडेला सरका. त्याहून दाटी झाली तर हात कोपरात दुमडून छातीपुढे धरा. चेंगराचेंगरीत माणसं बहुतेक वेळा श्वास कोंडून जातात, म्हणून छातीपुढे चार बोटं जागा ठेवायची. रेट्याच्या उलट जोर लावायचा नाही. लाट आली की तिच्याबरोबर जायचं आणि ती थांबली की तिरकं पाऊल टाकत कडेकडे. पिशवी पडली, चप्पल पडली, फोन पडला, वाकायचं नाही. हे दादांना दोनदा वाचून दाखवा.

मुलगा पर्वणीला येणार नाही. यावर मी वाद घालणार नाही. नऊ वर्षांच्या पोराचं तोंड मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर असतं, गर्दीत त्याला हवा मिळत नाही आणि खांद्यावर घ्यायच्या वयाचाही तो राहिलेला नाही. नोव्हेंबरातल्या सहलीला त्याला जरूर आणा. त्याला दुतोंड्या मारुती दाखवा आणि मागच्या पुराला पाणी कुठवर आलं होतं ते एखाद्या फुलवाल्याला विचारायला सांगा. तासभर सुटका नाही.

तुमच्या यजमानांना सांगा, टीव्हीवर मिरवणूक खरंच छान दिसते. पर्वणीच्या सकाळी सगळ्यांनी चहा घेऊन ती घरीच बघावी आणि दिवाळीनंतर आईंना घेऊन यावं. येताना झाकणाचा गडू आणा, शेजारणी गंगेचं पाणी मागतातच. आणि साखरेची पुडी दोन घ्या. एक तुमच्यासाठी, एक पुढे चालणाऱ्या कुणाच्या तरी आत्यासाठी.